घराची लाईन

आमच्या मालवण तालुक्यात घरादाराचे मोठे निर्णय चतुर्थीत होतात. मुंबईचे चाकरमानी तेवढ्यापुरते सगळे एकत्र सापडतात आणि भजनी मंडळी काळ्या वाटाण्याची उसळ न् चहा घेऊन पुढच्या घरी गेली की पडवीत खरी बोलणी सुरू होतात. आचऱ्यात आमच्या शेजारी जो विषय निघाला तो एका कुटुंबाचा असला, तरी आता जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत शिरलेला आहे. शेजाऱ्यांची भाची, तिचा नवरा आणि पाच वर्षांची मुलगी दिव्यात भाड्याने राहतात. नवरा अंधेरीला एका कंपनीच्या हिशेब खात्यात. त्या कंपनीने गोव्यात पर्वरीला कार्यालय उघडलंय, बदली मागितली तर मिळेल. मग पंचवीस-तीस लाखांत मुंबईच्या लोकलच्या टोकाला घर घ्यायचं, की सावंतवाडी-बांद्याकडे येऊन रोज गोव्यात जायचं?

मामा सत्तरीचे. नालासोपाऱ्यात अर्धं आयुष्य काढून, तिथली खोली मुलाच्या ताब्यात देऊन गावी परतलेले. गंमत अशी की गावी परतलेला माणूस मुंबईच्या बाजूने बोलत होता आणि मुंबईत असलेली पोरगी जिल्ह्याच्या बाजूने. मला दोघांनी पंच म्हणून बसवलं होतं, पण पंचाला बोलू कमीच दिलं. बोलणं अर्थात मालवणीत झालं. बाहेरच्या वाचकांसाठी ते मी सरळ करून लिहितोय. काही वाक्यं मात्र हात लावण्यासारखी नव्हती.

मामा : घोवाची नोकरी खय? अंधेरीक. मगे दिव्यात कित्याक ऱ्हवलंस?

भाची : भाडं परवडलं म्हणून. आणि सावंतवाडीची गाडी दिव्यातून सुटते. पोरीला घेऊन दादरच्या गर्दीत चढायला नको.

मामा : म्हणजे वर्षातून दोनदा गावी यायच्या गाडीसाठी नवऱ्याने रोज लाईन बदलायची. दिव्याहून घाटकोपर, तिथून पूल चढून मेट्रो, मग अंधेरी. अगो, नोकरीची लाईन ती घराची लाईन. आम्हाला हे परळच्या खोलीत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

परळची खोली म्हणजे गावच्या मंडळाची खोली. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या कित्येक गावांनी गिरणगावात अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या, आणि पाळीप्रमाणे झोपणारी माणसं : रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. बायका-मुलं गावी, मनिऑर्डर महिन्याला. तेव्हा ‘चांगली वस्ती कोणती’ हा प्रश्नच नव्हता, कारण कुटुंब वस्तीत नव्हतंच. गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर पाठ टेकायला जागा मिळाली की झालं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो हिशेबच मोडला. ज्यांना दुसरीकडे कुठे काम मिळालं, त्यातल्या अनेकांनी त्यानंतरच्या वर्षांत नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर गाठलं. तिथे मात्र ते बायका-मुलांना घेऊन गेले. मामाही त्यातलेच. कोकणी माणसाचा कुटुंबकबिल्यासह उपनगरवास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला, आणि मामांची सगळी मतं त्या काळात पक्की झालेली आहेत.

मामा : नालासोपारा आम्ही घेतला तेव्हा स्टेशनापासून आमच्या बिल्डिंगपर्यंत चिखल. लाईट जाई. पण स्टेशन चालत गाठता येई, हे पहिलं बघितलं होतं. रिक्षाचं स्टेशन ते स्टेशन नव्हे. रोजची रिक्षा ही भाड्यातच धर.

भाची : आणि पाणी?

मामा थोडे थांबले. पाण्याचं विचारलं की नालासोपाऱ्याचा जुना माणूस थांबतोच. तिथे टँकर येत, आणि ते पाणी वसईच्या बागायतदारांच्या पट्ट्यातल्या विहिरींचं असे. त्या उपशाविरुद्ध आणि जमिनी बिल्डरांना मोकळ्या करण्याविरुद्ध ‘हरित वसई’चं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव महाराष्ट्रभर झालं ते त्यातून. म्हणजे मामांच्या चौथ्या मजल्यावरच्या पिंपात जे पाणी पडत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी केळीच्या बागेचं होतं. हे मामांना तेव्हाच माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. पुढे सूर्या धरणाचं पाणी आलं, पण वस्ती पाण्याच्या पुढे धावत राहिली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेली होती.

मामा : पयलो प्रश्न पाण्याचो, ह्या तुझा बरोबर. तुझी मामी रात्री दोनला उठून पाणी भरायची. पण तीच मामी सकाळी साडेआठच्या गाडीने गोरेगावला कामालाही जायची. ते विसरू नको. दोन पगार झाले म्हणून दोन्ही मुलं शिकली. सावंतवाडीत तुला काय मिळणार?

इथे सांगायला हवं की भाची डीएमएलटी झालेली आहे आणि डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये काम करते.

भाची : लॅब सावंतवाडीतही आहेत, कुडाळातही आहेत. पगार अर्धा मिळेल, मान्य. पण आता मी काय करते? पोरीला सकाळी पाळणाघरात टाकते, त्याचे पैसे. तिथून शाळेत सोडायला व्हॅन, तिचे पैसे. लेडीज डब्यात चढायला मिळालं नाही तर हाफ डे. पगारातून हे वजा करा, मग अर्धा कुठला न् पुरा कुठला ते सांगा.

मामा : वजा केलं तरी अनुभव राहतो. आणि नवऱ्याची नोकरी गेली तर? अंधेरीची गेली तर ठाण्याला मिळेल, ठाण्याची गेली तर बीकेसीला. घर तिथेच. मुंबईच्या लाईनवरचं घर म्हणजे एका नोकरीला बांधलेलं घर नव्हे. पर्वरीची गेली तर सावंतवाडीच्या फ्लॅटचं काय करणार? मोती तलावाकडे बघत बसणार?

(मामांचा हा मुद्दा मला शेवटपर्यंत सगळ्यात वजनदार वाटला. घर परवडतं की नाही हे आजच्या पगारावर ठरवतात. कर्ज मात्र वीस वर्षांचं असतं.)

कर्जाचा विषय निघाल्यावर मामीने कालनिर्णयचं मागचं पान पुढे केलं आणि भाचीने आकडे मांडले. पंचवीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता 21,700 रुपयांच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला जाणारे एकूण बावन्न लाख. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा मेंटेनन्स. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हे मामीने सांगितलं आणि त्यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

मग भाचीने खाली दुसरा हिशेब लिहिला. सावंतवाडी ते पर्वरी साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मोटरसायकलने जाऊन-येऊन एकशे दहा धरले, महिन्याला पंचवीस दिवस, पन्नासचं अ‍ॅव्हरेज, की पंचावन्न लिटर. साडेपाच हजारांच्या आसपास पेट्रोल, आणि टाकी गोव्यात भरली तर थोडं कमीच.

मामा : टायर लिही. सर्व्हिसिंग लिही. रेनकोट लिही. पाठीचं औषध लिही.

भाची : लिहिते. तुम्ही पण लिहा मग. विरारहून अंधेरी अडतीस किलोमीटर, पास स्वस्त. पण सीट मिळावी म्हणून नालासोपाऱ्याचा माणूस आधी उलटा विरारला जातो, ती वीस मिनिटं कुठे लिहिणार? विरार गाडीत बोरिवलीवाल्याला चढू-उतरू देत नाहीत, ती भांडणं कुठे लिहिणार?

मामा हसले. कारण ते स्वतः विरार गाडीतले, आणि कोणाला उतरू द्यायचं नाही यात त्यांचाही खांदा लागलेला असणार.

भाची मात्र हसली नाही. ‘9 जूनला आमच्याच लाईनवर झालं,’ एवढंच ती म्हणाली. 9 जून 2025, सोमवारची सकाळ. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार जणांचा जीव त्याच दिवशी गेला. दिव्याच्या पुढचंच स्टेशन मुंब्रा. तिचा नवरा त्या सकाळी घरातून निघालेला होता आणि फोन लागत नव्हता. तो अर्धा तास तिने कसा काढला ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मामा : (जरा वेळाने) म्हणून तर म्हणतो, दिवा सोड. बदलापूर बघ. गाडी तिथून सुटते, बसायला मिळतं. हवा बरी. आपली माणसं भरपूर.

भाची : बदलापूर बघून आलो. बिल्डरच्या माणसाने गच्चीवर नेऊन उल्हास नदी दाखवली. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणाला. मी विचारलं, पूररेषा कुठे आहे? तो म्हणाला, मॅडम, पाणी कधी आलं नाही.

पाणी कधी आलं नाही! 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढावे लागले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. बदलापुरात घर घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. स्टेशनाच्या जवळ, नदीपासून उंचावर चांगल्या वसाहती आहेत आणि तिथे मराठी मध्यमवर्गाने शाळा, वाचनालयं, नाटकाची आवड असं सगळं उभं केलं आहे. पण नदीकाठच्या इमारतीत घर घ्यायचं तर निळी आणि लाल पूररेषा नगरपालिकेच्या नकाशावर स्वतः बघावी, गच्चीवरून बघू नये.

मामांनी मग घर घेताना काय काय तपासायचं याची उजळणी सुरू केली. ती सबंध देत नाही, पण एक गोष्ट द्यायला हवी. भाची म्हणाली की आता रेरा आहे, नोंदणी क्रमांक बघितला की झालं. मामांनी डोंबिवलीच्या 65 इमारतींची आठवण करून दिली. महापालिकेच्या परवानग्या बनावट, त्या बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवलेली. लोकांनी ती नोंदणी बघून, बँकेचं कर्ज काढून घरं घेतली आणि 2024 साली उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. त्याच वर्षी चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री विरारला एक चार मजली अनधिकृत इमारत कोसळून सतरा जण गेले. मामांचं म्हणणं एवढंच, की परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना खात्यात जायचं आणि तो तिथल्या वहीत आहे का ते विचारायचं. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर फ्लॅट कितीही स्वस्त असो, चहा पिऊन परत यायचं.

भाची : म्हणजे मामा, तुम्हीच सांगताय की स्वस्त बघितलं तर पडायची भीती, आणि पक्कं बघितलं तर परवडत नाही.

मामा : मी काय खुळो नाय. म्हणून सांगतो, नवी बघू नको. वीस वर्षांची, सोसायटी झालेली, कन्व्हेयन्स झालेली जुनी इमारत बघ. लिफ्ट नसेल. नसू दे. तुझे पाय अजून धड आहेत.

भाची : माझे आहेत. सासूबाईंचे नाहीत.

सासूचा उल्लेख झाला आणि बोलणं जिल्ह्याकडे वळलं. सासू मसुऱ्याला एकटी असते. घर मोठं, सातबाऱ्यावर नावं अकरा, त्यातली तीन हयात नाहीत. आमच्या किनाऱ्यावर ‘गावातच घर बांधा की’ असं सांगणाऱ्या माणसाने आधी स्वतःचा सातबारा काढून बघावा. आणि मसुऱ्याहून पर्वरी शंभर किलोमीटरच्या घरात, ते काही रोज जाण्याचं अंतर नव्हे. म्हणून भाचीच्या मनात सावंतवाडी किंवा बांदा. तिथून सासू दोन तासांवर, शनिवार-रविवार मसुऱ्यात. किंवा सासूच तिकडे.

कुडाळचं नाव मी काढलं. गेल्या काही वर्षांत कुडाळ झपाट्याने वाढलंय, स्टेशन गावातच, महामार्ग शेजारून, शाळा-दवाखाने हाकेच्या अंतरावर. ओरोसचं जिल्हा मुख्यालय आणि नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ. पण कुडाळ गोव्यापासून आणखी वीस-बावीस किलोमीटर मागे. दोघांनीही माझी सूचना एका वाक्यात बाजूला ठेवली.

मामा : सावंतवाडी म्हणतेस. चांगला गाव. पण बघ, चौपदरी रस्ता गावाबाहेरून झाराप-इन्सुली करत निघून गेला. स्टेशन मळगावात. टर्मिनसचं भूमिपूजन 2015 ला झालं, त्यात आता बसायला तरी मिळतं का? म्हणजे महामार्गही बाहेर, रेल्वेही बाहेर. आणि रेल्वे म्हणशील तर एकच रूळ. समोरून गाडी आली की क्रॉसिंगला थांबा. 2020 च्या ऑगस्टात पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली. 2024 च्या जुलैत त्याच बाजूला बोगद्यात चिखलपाणी. मुंबईहून येणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवून कोणी मस्टर गाठत नाही.

भाची : म्हणून मोटरसायकल म्हटलं.

मामा : जुलैत? इन्सुलीच्या घाटात? रात्री आठला?

यावर ती गप्प झाली. हा प्रश्न नुसता तिचा नाही. सकाळी सात-साडेसातला बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारा रस्ता बघावा. एकामागून एक मोटरसायकली, बॅगेवर प्लॅस्टिक, पुढच्या पेट्रोल टाकीवर डबा. दोडामार्ग, बांदा, सातार्डा, आरोंदा या सगळ्या बाजूंनी पोरं गोव्यात उतरतात : तुयेच्या, करासवाड्याच्या कारखान्यांत, हॉटेलांत, आणि 5 जानेवारी 2023 ला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून तिथेही. बहुतेकांची नोकरी कंत्राटी. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो यांच्याकडे नाही. म्हापसा-पर्वरीत भाड्याने राहावं तर दिल्ली-बंगळूरच्या माणसांनी दुसरं घर म्हणून घेतलेल्या फ्लॅटांनी तिथली भाडी वर नेऊन ठेवलीत. मग घर महाराष्ट्रात, चूल महाराष्ट्रात, पगार गोव्यात. मुंबईला विरार जसं, तसा म्हापसा-पणजीला बांदा, असं मी म्हटलं तर मामांनी लगेच अडवलं.

मामा : विराराक लोकल आसा. बांद्याक काय आसा?

याला उत्तर नव्हतं. एसटी आहेत, गोव्याच्या कदंब महामंडळाच्या गाड्या आहेत. पण त्या बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या सोयीने धावतात, पाळीच्या कामगाराच्या सोयीने नाहीत. सकाळी कामावर पोचवणारी गाडी असली तर संध्याकाळी परत आणणारी नसते. म्हणून अठरा-वीस वर्षांची पोरं कर्जाने मोटरसायकल घेतात आणि पावसात त्यातली काही घरी येत नाहीत. मुंबईच्या लोकलचे बळी निदान मोजले जातात, त्यावर न्यायालयात प्रश्न विचारले जातात. पत्रादेवीच्या रस्त्यावरचा बळी स्थानिक पानावर चार ओळींचा.

भाची : पण मामा, दिव्याला तरी फास्ट गाडी कुठे थांबत होती? 2015 च्या जानेवारीत लोक रुळावर उतरले. दगडफेक झाली ते वाईट झालं, पण त्यानंतर गाड्या थांबायला लागल्या. मागितल्याशिवाय कुठलं उपनगर उपनगर झालंय?

मामा : आणि बांद्यात कोण मागणार? तिथला आमदार महाराष्ट्राचा, कारखाना गोव्याचा. तू कोणाच्या दारात जाणार?

पहिल्यांदाच मामांच्या आवाजात वाद नव्हता, खरी शंका होती. आणि ती योग्य होती. दोन राज्यांच्या मधल्या माणसाचा कोणी वाली नसतो हे जिल्ह्याने गोमेकॉच्या वेळी पाहिलंय. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजवर आमची तीन तालुक्यांची भिस्त. 2018 च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोकांना आंदोलन करावं लागलं. गोव्याचं म्हणणं तसं चूक नव्हतं, खर्च त्यांचा. पण आमच्या पोरांची कष्टाची वर्षं त्यांच्या कारखान्यांत जातात हेही खरं.

भाची : शाळेचं काय, ते तरी माझ्या बाजूने धरा. दिव्यात जी परवडते ती शाळा म्हणजे दुकानाच्या वरचा मजला. मैदान नाही. इथे कोकण मंडळ दहावीला दरवर्षी पहिलं येतंय ते काय उगाच? घर बांद्यात घेतलं तर मुलगी महाराष्ट्रातच शिकेल, बारावीनंतर सीईटीला महाराष्ट्राचीच धरतील. नवरा गोव्यात कमवो. आणि संध्याकाळी अंगणात असेल. आता ती बापाला रविवारी बघते. चेडवाक बापूस दिसाक होयो, मामा.

मामीने इथे कालनिर्णय मिटलं आणि म्हणाली, ‘तां बरोबर सांगता.’ मामीने तोपर्यंत एकही मत दिलं नव्हतं.

मामांची मुलंही बापाला रविवारी बघत मोठी झाली. त्यांनी ते कबूल केलं नाही, आणि करावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. ते एवढंच म्हणाले की बांद्याची बाजारपेठ नको, मोठ्या पावसात तेरेखोलचं पाणी दुकानांत शिरतं. बांदा घेतला तर वरच्या अंगाला घे, आणि विहीर एप्रिलमध्ये बघ.

भाची : म्हणजे बांदा चालेल?

मामा : चालेल कोण म्हणाला? घर बघूचा तर पावसात बघूचा, एवढाच म्हटलंय.

मला अखेर बोलायची पाळी मिळाली तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि दोघंही थकले होते. माझं मत असं. मुंबईच्या लाईनवरचं घर हे नोकरीची खात्री देतं आणि त्याची किंमत घरी थांबणारी माणसं मोजतात. गोव्याच्या सीमेवरचं घर घरी थांबणाऱ्यांना सुख देतं आणि त्याची किंमत मोटरसायकलवरचा एकटा माणूस मोजतो. या दोन किमतींची बेरीज कालनिर्णयच्या पानावर मांडता येत नाही. पण एक फरक आहे. विरार-बदलापूरची गर्दी आता कोणाच्या मागण्याने लवकर कमी होणारी नाही. तिथे गाड्या वाढल्या की माणसं त्याहून वाढतात. बांद्याहून सकाळी सातला सुटणाऱ्या आणि संध्याकाळी साडेसहाला परतणाऱ्या चार गाड्या सुरू करणं हे एका आगार व्यवस्थापकाच्या आणि दोन महामंडळांच्या अधिकाऱ्यांच्या एका बैठकीचं काम आहे. त्यासाठी रूळ लागत नाहीत, बोगदा लागत नाही. 2001 मध्ये आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. अख्खा महाराष्ट्र वाढत असताना आम्ही कमी झालो. भाचीच्या घरासारख्या घरांना परत आणायचं असेल, तर त्याची सुरुवात सातच्या गाडीपासून होते.

म्हणून त्यांना सल्ला दिला तो असा : टोकन कुठेच देऊ नका, ना विरारला ना बांद्याला. बदली मागा. मे अखेरीस सावंतवाडीत किंवा बांद्याच्या वरच्या अंगाला अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. जून ते सप्टेंबर नवऱ्याने रोज पर्वरी गाठून दाखवावी, शक्यतो चारजण मिळून एका गाडीने, आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामापायी लागणारा वेळही धरून. भाचीने तेवढ्यात लॅबमधली नोकरी बघावी. पुढच्या चतुर्थीला जमलं तर घर घ्या, नाही जमलं तर मामांचं ऐकून वेस्टर्नची वीस वर्षांची जुनी सोसायटी. दिव्यात मात्र परत नको. मामांना यातला शेवटचा भाग पटला. बाकीच्यावर त्यांनी ‘बघूया’ म्हटलं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी इन्सुली, बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग या गावांतले असतील, तर पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या : कामगारांच्या पाळीच्या वेळेला धरून एसटी आणि कदंबची गाडी हवी. ठरावाला जोडून गावातून रोज गोव्यात किती माणसं जातात याची नावानिशी यादी द्या. आकडा कागदावर दिसल्याशिवाय आगारातून गाडी सुटत नाही.